नव्वदांच्या बाहेरचे

शहरात सगळे त्यांना नव्वदकाका म्हणत. हे नाव वयावरून पडलेलं नव्हतं. त्यांना ऐंशीही पुरी झाली नव्हती तेव्हापासून ते चिकटलं होतं. खिंडीच्या लढाईत आपल्या नव्वद शिपायांनी समोरच्या चार हजारांना तीन दिवस अडवून धरलं, आणि त्या नव्वदांतला जिवंत उरलेला हा शेवटचा माणूस, म्हणून नव्वदकाका. शहरात नव्वद हा आकडा आकडा राहिलाच नव्हता. नव्वद चौक होता, नव्वद विद्यालय होतं, पोरांच्या फुटबॉलच्या संघाचं नाव नव्वद होतं. एका सलूनवाल्याने दुकानावर ‘नव्वद हेअर कटिंग’ अशी पाटी लावली होती आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

काकांच्या घराच्या मागच्या खोलीत त्यांची थोरली बहीण राहायची. तिला काका ताई म्हणत, म्हणून गल्लीही ताई म्हणे. ताईचा नवराही त्याच खिंडीत, त्याच तीन दिवसांत गेला होता. पण तो नव्वदांत नव्हता. तो शिपाईच नव्हता. दारूगोळ्याच्या पेट्या पाठीवर घेऊन वर पोचवणारा हमाल होता, रोजंदारीवरचा.

त्याला तिकडे बोलावून घेतलं होतं काकांनीच. तेव्हा काका सैन्यात नवीन लागलेले, खिंडीच्या पायथ्याच्या छावणीत. भाऊजी बाजारात धान्याची पोती उचलायचे आणि त्या वर्षी बाजार थंड होता. काकांनी निरोप धाडला, “ताई, भाऊजींना पाठव. चार दिवस पेट्या वाहायच्या, मजुरी रोखीने. मी आहेच इथे.” ताईचा मुलगा तेव्हा नुकता बसायला लागला होता. नवरा गेला तो गेलाच. प्रेतही आलं नाही.

ताई मुलाला कडेवर घेऊन सरकारी कचेरीत गेली होती. तिथल्या बाबूने विचारलं, “सैन्यात होते का?”

“नाही.”

“मग लढाईत कसे वारले?”

त्याने हे कुचकटपणे विचारलेलं नव्हतं. त्याला खरंच कळत नव्हतं. त्याने पंख्याकडे बघत थोडा विचार केला आणि “अपघात” असं ठरवून टाकलं. अपघाताचं खातं दुसरं, दुसऱ्या इमारतीत. तिथे म्हणाले, लढाईच्या जागेवरचे अपघात आमच्याकडे येत नाहीत. ताईने मग तो नाद सोडला.

काका मात्र फुटलेला गुडघा घेऊन परत आले, त्यांना पदक मिळालं आणि पदकामागून हे घर मिळालं. ते ताईला आणि भाच्याला घेऊन आले. “हे घर तुझंही आहे,” म्हणाले. त्यांनी लग्न केलं नाही. ताईने पन्नासहून जास्त वर्षं त्या घरात स्वयंपाक केला. भाचा मोठा झाला, बसवर ड्रायव्हर लागला, लग्न करून वेगळं बिऱ्हाड केलं. तो आईला म्हणायचा, “ये ना माझ्याकडे.” ती म्हणायची, “मामाला कोण बघेल?” तो नाक मुरडायचा. त्याच्या लहानपणी शाळेत नव्वदांच्या घरच्या मुलांना पुढच्या बाकावर बसवून पेढ्याचा पुडा देत आणि त्याला मामाच्या नावावर तो मिळायचा. एकदा त्याने सरांना सांगितलं, “सर, माझे वडीलपण तिथेच होते.” सर म्हणाले, “बस खाली. तुझा मामा होता.” त्यानंतर त्याने तो पुडा कधी घरी आणला नाही.

दर वर्षी लढाईच्या दिवशी काकांना न्यायला गाडी यायची. व्यासपीठावर पहिल्या रांगेत खुर्ची. ताई घरून टीव्हीवर बघायची, कधी बघायचीही नाही.

मग शहरात लढाईचं संग्रहालय बांधायला काढलं. मोठं काम होतं, काचेच्या भिंती, आत माणसाएवढे पुतळे. संग्रहालयाच्या समितीने एक संशोधक बाई नेमली. जाड भिंगांचा चष्मा, बारीक आवाज, चाळिशीची असेल. भिंतींवर काय लिहायचं, कुठल्या बाजूला किती सैन्य होतं, किती पडलं, हे तिने पक्कं करून द्यायचं होतं. एका दुपारी ती काकांकडे आली. ताईने चहा ठेवला.

बाई बोलायला मोकळी होती. म्हणाली, “काका, मी आयुष्यभर लढायांचे आकडेच तपासत आले आहे. जुनं काही वाचायला घेतलं की एक गंमत दिसते. ज्याने लिहिलं त्याची फौज नेहमी मूठभर, आणि समोरची अफाट. जिंकले तर मूठभर असून जिंकले, हरले तर मूठभर होते म्हणून हरले. एका राजाच्या भाटाने शत्रूचे सहा लाख लिहून ठेवलेत. मी त्या माळावर जाऊन आले. एक ओढा आणि दोन विहिरी. सहा लाख माणसं नि त्यांची घोडी तिथे उतरली असती तर तहानेनेच मेली असती, लढायचं कामच नव्हतं.”

काका हसले. “मग तुम्ही काय मोजता?”

“पाणी मोजते. दाणागोटा मोजते. वाटेची रुंदी मोजते. माणूस थापा मारतो, ओढा मारत नाही.” मग तिने कप खाली ठेवला. “तुमच्या खिंडीतही मी जाऊन आले, काका. मला एक कळत नाही. ती दगडी भिंत केवढी लांब आहे! नव्वद माणसं तीन दिवस, तीन रात्री ती धरून बसली, तर झोपली कधी? आणि एवढा दारूगोळा उडाला, त्याच्या पेट्या पायथ्यापासून भिंतीपर्यंत कोण आणत होतं? नव्वदांतले निम्मे पेट्याच वाहत असले तर लढत कोण होतं?”

ताई दारात उभी होती. ती आत गेली नाही.

“हमाल होते,” काका म्हणाले.

“किती?”

“सव्वाशे. जास्तच असतील, कमी नाहीत.”

“ते पेट्या टाकून खाली परत गेले ना?”

“जाणार कुठून? खालची वाट पहिल्याच दुपारी तुटली. सगळे आमच्यातच अडकले. पहिल्या दिवशी पेट्या सरकवत होते, जखमींना मागे ओढत होते. दुसऱ्या दिवसापासून आमचा शिपाई पडला की त्याची बंदूक हमाल उचलायचा. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. कॅप्टनसाहेबांनी बघितलं आणि ते काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी भिंतीवर आमच्यापेक्षा तेच जास्त होते.”

बाईचा पेन थांबला. “आणि समोर? चार हजार?”

“समोरचे कोण मोजणार? डोकं वर काढलं की गोळी. सहाशे असतील, सातशे असतील. चार हजारांना त्या उतारावर उभं राहायला तरी जागा होती का? तुम्हीच बघून आलात ना.”

“मग हा आकडा आला कुठून?”

“मी इस्पितळात होतो तेव्हा एक पेपरवाला आला. म्हणाला, समोरचे किती होते? मी म्हटलं, पुष्कळ. दुसऱ्या दिवशी चार हजार छापून आलं.” काकांनी गुडघ्यावरून हात फिरवला. “नंतर एक अधिकारी आला, अहवाल करायला. त्याला मी हमालांचं सांगितलं होतं, खोटं नाही बोलत. तो म्हणाला, मला सैन्याची संख्या हवी आहे, माणसांची नको.”

बाई काही बोलणार एवढ्यात दारातून ताईने विचारलं, “आणि हे?”

काकांनी मान वर केली.

“ह्यांचं काय झालं? तू होतास ना तिथे?”

काका तिच्याकडे बघेनात. ते बाईलाच सांगत असल्यासारखे बोलू लागले. “भाऊजी माझ्या शेजारीच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बंदूक उचलली आणि मला विचारलं, अरे, ही कुठून दाबायची? मला हसू आलं. त्या तीन दिवसांत तेवढंच हसलो. पण दुपारपर्यंत त्यांचा नेम माझ्याहून बरा बसायला लागला. पोती उचलून उचलून हात घट्ट झालेले ना, बंदूक हलायचीच नाही. तिसऱ्या दिवशी माझा गुडघा फुटला. त्यांनी मला पाठीवर टाकलं आणि मागच्या खळग्यात नेऊन ठेवलं. म्हणाले, पोत्यापेक्षा हलका आहेस रे. आणि परत भिंतीकडे गेले. मग मी त्यांना पाहिलं नाही.”

ताईने कप उचलले आणि ती आत गेली. बाई निघाली तेव्हाही ती बाहेर आली नाही.

रात्रीचं जेवण वाढताना मात्र ती बोलली. “वाट तुटली, त्यात गेले. एवढंच सांगत आलास मला. आणि त्या परक्या बाईला पहिल्याच भेटीत सगळं?”

“तिने विचारलं.”

“मी विचारलं नव्हतं?”

“तू विचारायचीस तेव्हा तुझ्याकडे बघून सांगता येत नव्हतं, ताई.”

“त्यांनी तुला पाठीवर घेतलं, हे सांगायला जीभ झडत होती तुझी?”

काकांनी ताट पुढे सरकवलं. ताईने तेवढ्यापुरती भाजी वाढली आणि आपलं ताट घेऊन मागच्या खोलीत गेली. त्या खोलीत बसून ती पहिल्यांदाच नवऱ्यासाठी रडली असं नव्हे. पण आजवर जो माणूस तिच्या मनात नुसता खाली कोसळत होता, तो आता उभा राहून बंदूक झाडत होता, आणि हे तिला कोवळ्या वयात कळायला हवं होतं, तेव्हा त्याचा काही उपयोग होता, असं राहून राहून वाटत होतं.

बाईने आपलं काम चोख केलं. समितीपुढे तिने मांडलं की भिंतीवर दोनशेवीसच्या आसपास माणसं लढली आणि समोर सातशेच्या वर नसावीत. आठवड्याच्या आत समितीचे अध्यक्ष काकांच्या घरी आले.

अध्यक्ष म्हणजे खिंडीत पडलेल्या कॅप्टनसाहेबांचा मुलगा. वडील गेले तेव्हा तो आईच्या पोटात होता. तोही पुढे सैन्यात जाऊन निवृत्त झालेला, ताठ, बोलायला मृदू. फळांची करंडी टेबलावर ठेवून त्याने काकांचे पाय धरले.

“काका, तुम्ही सांगितलंत ते मी खोटं म्हणत नाही,” तो म्हणाला. “हमाल होते, सगळ्या लढायांत असतात. जगात कुठलीही लढाई घ्या, हमाल, खानसामे, खेचरवाले, यांना सैन्यात कोण धरतं? तशी रीतच आहे मोजायची.”

“ते बंदुका घेऊन लढले,” काका म्हणाले.

“असतील. पण आता बघा. नव्वद विरुद्ध चार हजार. हे ऐकलं की पोराच्या अंगावर काटा येतो. दोनशेवीस विरुद्ध सातशे म्हटलं की काय राहिलं? अशा लढाया ढिगाने झाल्यात. त्यासाठी कोण संग्रहालय बांधतं? आणि नव्वदांची घरं आहेत ना शहरात. त्यांना मी काय सांगू, तुमचा आजोबा अडीच पटीने कमी शूर होता?”

ताई उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, “माणसं वाढली की शौर्य वाटून कमी होतं का? ते काय चहात घातलेलं दूध आहे?”

अध्यक्षाने तिच्याकडे वळून हात जोडले. “आजी, तुमचं दुःख मला कळतं. माझेही वडीलच गेलेत तिथे.”

“तुमच्या वडिलांचा पुतळा चौकात आहे. माझ्या मुलाला बापाचा फोटोसुद्धा नाही. कळतं असं म्हणू नका.”

अध्यक्षाने जोडलेले हात खाली घेतले. तो वाईट माणूस नव्हता, आणि ताईला त्याचाच जास्त राग आला. वाईट असता तर चार शब्द सुनावून मोकळं होता आलं असतं. मग तो म्हणाला, “मी एक करतो. आत एका कोपऱ्यात हमालाचा पुतळा ठेवतो. खाली पाटी लावतो, स्थानिक मजुरांच्या सहकार्याची. आणि काका, उद्घाटनाला तुम्ही बोलायचं. लिहून पाठवतो, दोनच मिनिटांचं आहे.”

तो गेल्यावर ताईने विचारलं, “काय बोलणार तू?”

“जे झालं ते बोलणार.”

“बघू,” ताई म्हणाली.

उद्घाटनाला ताई पहिल्यांदाच गेली. तिचा मुलगा दोन फेऱ्यांच्या मधल्या सुट्टीत, ड्रायव्हरच्या खाकी कपड्यांतच आला होता. दोघं मांडवाच्या मागच्या टोकाला उभे राहिले, पुढच्या खुर्च्या नव्वदांच्या घरच्यांसाठी होत्या. बँड वाजला, मंत्री बोलले, अध्यक्ष बोलले. मग दोघांनी धरून काकांना माइकपाशी आणलं.

लिहून दिलेला कागद त्यांनी हातात धरला, पण वाचला नाही. म्हणाले, “आम्ही नव्वद नव्हतो.”

पुढच्या रांगेतल्यांनी माना वर केल्या.

“आम्ही नव्वद नव्हतो. आमच्याबरोबर सव्वाशे हमाल होते. बाजारातले, रस्त्यावरचे, कुणी विटा वाहणारे. ते आमच्या बंदुका घेऊन लढले आणि आमच्याइतकेच मेले. माझे मेहुणे त्यात होते. मी आज बोलतोय ते त्यांनी मला पाठीवरून उचलून नेलं म्हणून. आणि समोर चार हजार नव्हते. तो आकडा...”

इथे सूत्रसंचालक मुलीने दुसऱ्या माइकवर गोड आवाजात म्हटलं, “ही असते खऱ्या वीराची नम्रता!”

आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले. पुढच्या रांगेतली एक म्हातारी पदराने डोळे टिपत होती. काका हात वर करून सांगत होते, “अहो, ऐका, नम्रता नाही, हिशेबाचं सांगतोय,” पण ते टाळ्यांत कुणाला ऐकू जाणार? त्यांनी हात वर केला म्हणून लोकांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. बँडवाल्यांना खूण झाली. दोघांनी काकांना अलगद धरून खुर्चीवर नेऊन बसवलं.

“लोक हसले का गं?” मुलाने आईला विचारलं.

“टाळ्या वाजवल्या.”

“मला हसल्यासारखं वाटलं.” मग म्हणाला, “बाबांनी मामाला उचलून नेलं?”

“हो.”

“तुला माहीत होतं?”

“आत्ता आत्ता कळलं.”

त्याने घड्याळ बघितलं, त्याची फेरी सुटायची होती. आईच्या खांद्यावर हात ठेवून तो निघाला आणि गर्दीतून जाताना एकदोघांना मुद्दाम धक्का देत गेला.

टाळ्या थांबल्यावर मात्र शहराला कळलं की म्हातारा मनापासून बोलला होता. एका पेपरात आलं, वयोमानाने स्मृतीवर परिणाम. मग नव्वदांच्या घरच्यांची बैठक झाली. तिथे कुणीतरी असं बोललं की याला हमालांबद्दल एवढी माहिती कशी? हा भिंतीवर होता की हमालांबरोबर मागच्या खळग्यात लपून बसला होता? गुडघ्याला गोळी लागली की पळताना पडला? आधी हे चहाच्या टपरीवर बोललं गेलं, पुढे सलूनमध्ये, आणि पुढे काका रस्त्याने जाताना दोन पोरं त्यांच्या मागे लंगडत चालली. संशोधक बाईचं काम समितीने “पूर्ण झालं” म्हणून बंद केलं. जाण्याआधी ती भेटायला आली. पायरीवरच उभी राहिली.

“मी तुम्हाला यात ओढायला नको होतं,” ती म्हणाली.

“तुम्ही कुठे ओढलंत,” काका म्हणाले. “तुम्ही नुसतं विचारलंत.”

“त्या हमालांची नावं आठवतात का, काका? एवढी तरी कुठे छापून ठेवते.”

काका बराच वेळ आठवत बसले. त्यांना एक आठवलं, ते भाऊजींचं. बाकीच्यांना ते हाका मारायचे “ए, पेटी”, “ए, पाणी”. बाईने मान हलवली आणि ती गेली. ताईने दारातून हे ऐकलं होतं. सव्वाशे हमालांपैकी निदान आपल्या नवऱ्याचं नाव तरी कुणाच्या तोंडी उरलं, असं वाटून तिला बरं वाटायला हवं होतं. तिला बाकीच्यांच्या बायका दिसत राहिल्या.

त्या वर्षी लढाईच्या दिवशी गाडी आली नाही. काका कोट घालून, पदक लावून सकाळपासून ओट्यावर बसले होते.

“येईल,” ते म्हणाले. “वाहतूक असते आज.”

टीव्हीवर कार्यक्रम सुरू झाल्याचा आवाज शेजारच्या घरातून यायला लागला, तरी ते बसून राहिले. शेवटी ताईनेच त्यांना हाताला धरून आत नेलं आणि कोट काढायला लावला. त्यांच्या बगलेत घामाचे डाग पडले होते. एवढी वर्षं तिला हवंच होतं की या माणसाला एकदा तरी न मोजल्यासारखं वाटावं. आता तसं झालं होतं आणि तिला त्यात काडीचं सुख मिळत नव्हतं. त्याचाही तिला रागच आला.

पुढे महिन्याभराने भाच्याला सुट्टी होती. तो आला आणि म्हणाला, “चला, संग्रहालय बघून येऊ. आपण तिघांनी अजून पाहिलंच नाही.” ताई नको म्हणत होती. काका मात्र लगेच चपला शोधायला लागले.

तिकिटाच्या खिडकीवर नवीन मुलगी होती. ती काकांना ओळखत नव्हती. खिडकीवर लिहिलं होतं, नव्वदांच्या कुटुंबीयांना प्रवेश मोफत. मुलीने विचारलं, “आजोबा, तुम्ही नव्वदांपैकी कुणाचे?”

भाचा मामाकडे बघत होता. काका म्हणाले, “आम्ही हमालांपैकी.”

“मग तिकीट लागेल,” मुलगी म्हणाली. भाच्याने तीन तिकिटं काढली.

आत थंडगार होतं. दगडी भिंत जशीच्या तशी उभारली होती आणि तिच्यामागे गुडघे टेकून, बंदुका रोखून नव्वद पुतळे बसवले होते. प्रत्येकाचा चेहरा वेगळा, जुन्या फोटोंवरून घडवलेला. काकांचाही तरुणपणीचा पुतळा होता, तिसरा का चौथा, पण त्याच्या पायाशी नावाची पट्टी नव्हती. चार भोकं तेवढी राहिली होती, स्क्रूंची. काका त्याच्यासमोर थांबले आणि पुढे झाले.

शाळेची एक सहल आली होती. मार्गदर्शक पोरांना सांगत होता, “नव्वद! फक्त नव्वद! आणि समोर किती? पाच हजार!”

“पाच झाले,” काका पुटपुटले.

हमाल सापडायला वेळ लागला. तो पार टोकाला होता, आग विझवायच्या नळकांड्याशेजारी. वाकलेला, पाठीवर पेटी, तोंड भिंतीकडे. खाली पाटी होती, स्थानिक मजुरांचे मोलाचे सहकार्य. ताई दोरीवरून वाकून त्याचा चेहरा बघायचा प्रयत्न करू लागली. रखवालदार म्हणाला, “आजी, मागे व्हा.” तोवर तिने बघितलं होतं. चेहरा केलेलाच नव्हता. नाकाच्या जागी उंचवटा, बाकी सपाट. कुणाला दिसणार नव्हता म्हणून सोडून दिला होता.

“तुझा बाप याच्यापेक्षा उंच होता,” ती मुलाला म्हणाली.

“किती?”

तिने हात वर केला, मुलाच्या डोक्यावर नेला, जरा खाली आणला, पुन्हा वर नेला. मग हात तसाच राहिला. “नक्की नाही आठवत आता,” ती म्हणाली. “तुझ्याहून उंच होते.”

मुलगा त्या पुतळ्याकडे बघत उभा राहिला. सहलीतली पोरं त्याला वळसा घालून नळकांडं बघायला गेली.

बाहेरच्या बाकावर काका बसले. ताई थोडं अंतर सोडून बसली. मुलगा पाणी आणायला गेला होता.

“मी शेवटी सांगितलं ना, ताई?” काका म्हणाले. “सगळ्यांसमोर सांगितलं.”

“सांगितलंस.”

“मग तू अजून का बोलत नाहीस माझ्याशी नीट?”

ताईने पदर सावरला. “तू तेव्हाच ओरडून सांगितलं असतंस, तर तुला ते घर मिळालं नसतं. मग मी या पोराला घेऊन चार घरची भांडी घासली असती. हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणून मी तुला एकदाच विचारायची आणि गप्प बसायची, दुसऱ्यांदा विचारायची नाही. तू सांगू नयेस असंच मलाही हवं असेल कुठेतरी. त्यांना आपण दोघांनी मिळून गप्प केलं.” ती थांबली. “तुझ्याशी नीट बोलायला लागले तर मला स्वतःशीही बोलावं लागेल. ते माझ्याने होत नाही.”

काकांनी तिच्या हातावर हात ठेवायला आपला हात पुढे केला. तिने हात काढून घेतला नाही, पण त्यांचा धरलाही नाही.

मुलगा पाण्याची बाटली घेऊन आला. “आई, आज माझ्याकडे चल ना राहायला,” तो म्हणाला.

“आज नको. मामाच्या औषधाचं बघायचं आहे,” ताई म्हणाली आणि बसच्या थांब्याकडे चालायला लागली. ते दोघं मागून आले.